लगामाला न लटकता बसायचं कसं?

घोडेस्वारीच्या सदरासाठी आलेली बहुतेक पत्रं या वेळी एकाच जागी येऊन अडकली आहेत. घोडा ट्रॉट करू लागला, म्हणजे दुडक्या चालीत आला, की तोल जातो आणि तोल गेला की हात लगामावर येतात. म्हणून या वेळचं सगळं सदर स्वतंत्र बैठकीला दिलं आहे. स्वाराचा तोल त्याच्या बुडावर आणि धडावर असेल, लगामावर, रिकिबीवर किंवा आवळलेल्या गुडघ्यांवर नसेल, तर ती बैठक स्वतंत्र. ती जमली की हात, पाय आणि धड एकमेकांना न ओढता आपापलं काम करू शकतात.

प्रश्न : मी आठ महिने रायडिंग क्लबात शिकतोय. वॉकमध्ये, म्हणजे साध्या चालीत, सगळं ठीक असतं, पण ट्रॉट सुरू झाला की माझे हात वरखाली उडतात. कोच ‘हात स्थिर ठेव’ म्हणतात. मी हात घट्ट धरले की घोडा मान झटकतो. काय चुकतंय? (पुणे)

चूक हातात दिसते, पण ती सुरू होते कमरेखाली. ट्रॉटमध्ये घोड्याचे तिरपे पाय जोडीने पडतात : डावा मागचा आणि उजवा पुढचा, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा. दोन जोड्यांच्या मधे घोडा क्षणभर अधांतरी असतो. म्हणजे मिनिटाला साधारण दीडशे वेळा त्याची पाठ तुम्हाला वर उचलते आणि खाली सोडते. हा हेलकावा तुमच्या खुब्याच्या सांध्यांनी आणि कमरेने जिरवला नाही, तर तो वर चढतो. आधी खांदे उडतात, मग कोपर, मग मनगट, आणि शेवटी तो लगामातून घोड्याच्या तोंडात पोचतो. बिट (लगामाचा तोंडात राहणारा धातूचा तुकडा) जिथे बसतं तिथे दात नसतात, नुसती हिरडी आणि जीभ असते. मान झटकून घोडा तुम्हाला हेच सांगतोय.

‘हात स्थिर’ या सूचनेचा अर्थही बहुतेक जण उलटा घेतात. हात तुमच्या छातीच्या मानाने स्थिर ठेवला, तर छाती उडेल तसा तोही उडणार. तो घोड्याच्या तोंडाच्या मानाने स्थिर हवा. वॉक आणि कँटर (ट्रॉटच्या पुढची, वेगाची चाल) यांत घोड्याचं डोकं पुढेमागे डोलतं, म्हणून तिथे हाताने त्याच्याबरोबर जायचं. ट्रॉटमध्ये डोकं जवळजवळ एका जागी राहतं. म्हणून रायझिंग ट्रॉट, म्हणजे चालीच्या तालावर उठत-बसत ट्रॉट, करताना उठलात की कोपर उघडलं पाहिजे आणि बसलात की मिटलं पाहिजे. मूठ मात्र जागची हलता कामा नये. तपासायची सोपी रीत : दोन्ही करंगळ्या विदर्सच्या, म्हणजे मान संपते तिथल्या उंचवट्याच्या, दोन बाजूंना खोगिराखालच्या कापडाला टेकवा आणि तशाच ठेवून दोन फेऱ्या उठा-बसा. करंगळ्या सुटत असतील तर कोपर अडकलंय असं समजा.

आता मूळ मुद्दा, खुबे. ते वॉकमध्येच शिकवावे लागतात. घोडा दुसऱ्याच्या हातात द्या, डोळे मिटा आणि बुडाखालच्या दोन हाडांकडे लक्ष द्या. घोड्याचा डावा मागचा पाय उचलून पुढे येताना त्याच्या पाठीची डावी बाजू खाली जाते आणि पोट उजवीकडे झुकतं. तुमचं डावं हाड त्याच वेळी खाली आणि किंचित पुढे सरकेल. ते सरकलं की मोठ्याने ‘डावा’ म्हणा, दुसरं सरकलं की ‘उजवा’. खाली उभा असलेला माणूस मागचे पाय बघून चूक-बरोबर सांगेल. ओळीने वीस पावलं बरोबर यायला लागली की मगच पुढे जा. ट्रॉटमध्ये होतं हेच, फक्त झपाट्याने. तिथे बुडाने ढकलायचं नसतं, खाली जाणाऱ्या बाजूबरोबर नुसतं जाऊ द्यायचं असतं.

बसून ट्रॉट सुरुवातीला आठ-दहा पावलांचाच करा आणि वॉकवर या. अंग आपटायला लागण्याच्या आधी थांबणं यात फार महत्त्वाचं आहे. आपटत आपटत पाच मिनिटं काढली तर शरीर ताठ होऊन मार चुकवायला शिकतं आणि ती सवय मोडायला महिने जातात. दम रोखून धरला तरी पोट आणि खुबे आखडतात. त्यावर उपाय म्हणजे मोठ्याने पाढे म्हणणं. ‘बे एके बे’ म्हणताना श्वास आपोआप चालू राहतो, आणि आवाज हादरायला लागला की आपण ताठरलोय हे स्वतःलाच ऐकू येतं.

प्रश्न : आमच्याकडे ‘मांड आवळ, गुडघे आवळ’ असं सारखं सांगतात. आवळून मांड्या भरून येतात, आतून सोलवटतात, तरी रिकीब निसटतेच. मग पकड कशाने ठेवायची? (कोल्हापूर)

पकडीने बसायचंच नसतं. गुडघा आवळला की त्याची बिजागरी होते. गुडघ्याखालचा पाय मागे जातो, टाच वर येते, पायाचा भार रिकिबीतून निघून जातो आणि ती निसटते. धड त्याच बिजागरीवरून पुढे कलतं. शिवाय मांडीच्या आतले स्नायू जोराने आखडले की बूड खोगिरातून वर ढकललं जातं. म्हणजे जितकं आवळाल तितकं उडाल. त्यातच पोटऱ्याही आवळल्या गेल्या तर घोडा त्याला ‘पळ’ असा इशारा समजतो. तुम्ही घाबरून आणखी आवळता आणि तो आणखी पळतो. नवखे स्वार पडतात ते बरेचदा असेच.

पाय खुब्यापासून खाली लोंबू द्या. मांडीची आतली सपाट बाजू खोगिराला लागलेली, गुडघा टेकलेला पण न दाबलेला, पोटरी अंगाला हलकी भिडलेली, आणि पंजाचा रुंद भाग रिकिबीवर. ‘टाच खाली’ ही आरोळी प्रत्येक मैदानावर ऐकू येते, पण टाच जोराने खाली दाबली तर घोटा कुलूपबंद होतो आणि पाय पुढे जातो. भार उतरला की ती आपली आपण खाली जाते. मल्लखांब केलेल्या मुलांना हे सोडवणं जड जातं, कारण तिथे मांडीची पकडच त्यांना तारत असते. अशा मुलांना दर फेरीला एकदा दोन्ही गुडघे खोगिरापासून दोन बोटं दूर न्यायला सांगा आणि मग सैल सोडायला सांगा.

सोलवटण्याबद्दल : मांडीच्या आत जाड शिवण असलेली जीन्स घालत असाल तर आधी ती बदला.

प्रश्न : लंजवर, म्हणजे मधे उभा माणूस लांब दोरीने घोडा गोल फिरवत असताना, शिकल्याने बैठक सुधारते असं ऐकलं. आमच्या क्लबात तशी पद्धत नाही, पण कोच तयार आहेत. नेमकं काय आणि किती करायचं? (नाशिक)

बैठकीसाठी याहून चांगला मार्ग नाही असं आमचं ठाम मत आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये शिकाऊ स्वारांना आजही आधी लंजवर बसवतात, रिकीब नाही आणि लगामही नाही. कारण साधं आहे : घोडा सांभाळायचं काम दुसऱ्याकडे गेलं की स्वाराचं सगळं लक्ष स्वतःच्या अंगावर राहतं.

आधी घोडा निवडा. तो लंजवर आधीपासून तयार, शांत आणि एकसारख्या लयीत चालणारा हवा. ‘हा भडकतो, पण लंजवर सुधारेल’ असला घोडा यासाठी घेऊ नका. लंजची दोरी साधारण आठ ते दहा मीटरची असते. वर्तुळ 18 ते 20 मीटर व्यासाचं ठेवा. त्याहून लहान वर्तुळात घोड्याच्या सांध्यांवर ताण येतो आणि स्वार बाहेर फेकला जातो. जमीन मऊ आणि सपाट हवी. दोरी लगामाच्या बिटाला न बांधता लंजिंगच्या म्होरकीला लावलेली बरी. लगामाला गाठ मारून तो मानेवर ठेवा, लोंबता ठेवू नका. स्वार बसण्याआधी घोड्याला दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटं रिकामं फिरवा.

रिकिबी काढायच्या नसतील तर विदर्सवरून उलटसुलट टाका, पण आधी पट्ट्याचं बक्कल वीतभर खाली ओढून घ्या. हे न केल्यास ते बक्कल नेमकं मांडीखाली येतं आणि दहा मिनिटांत काळंनिळं होतं. आधी उजवी रिकीब टाका, तिच्यावर डावी. पुन्हा चढायची वेळ आली तर डावी वर असल्यामुळे पटकन सुटते.

एक पाठ वीस मिनिटांचा पुरे. वर्तुळावर त्याहून जास्त चालवणं घोड्याला सोसत नाही, आणि स्वाराचीही पाठ थकली की चुका मुरायला लागतात. पाच मिनिटांनी दिशा बदला. पहिल्या तीन-चार पाठांत वॉक सोडू नका. एक हात खोगिराच्या पुढच्या उंचवट्याला धरून दुसरा खांद्याच्या रेषेत आडवा, मग वर, मग मागून गोल. दोन्ही हात कमरेवर ठेवून धड डावीकडे-उजवीकडे वळवा, बूड जागेवरच. उजव्या हाताने डाव्या पायाचा अंगठा शिवा आणि परत सरळ व्हा. शिवताना दुसरी टाच मागे उचलली जात असेल तर तोल पुढे सांडतोय. घोटे गोल फिरवा. मग हात न लावता वॉकवरून थांबणं आणि थांबून पुन्हा चालणं. घोडा थांबताना छाती पुढे जात असेल तर अजून ट्रॉटची वेळ आलेली नाही.

ट्रॉट सुरू करताना बाहेरच्या हाताने मागचा काठ आणि आतल्या हाताने पुढचा उंचवटा धरा आणि स्वतःला हलकेच खोगिरात ओढून घ्या. अर्धं वर्तुळ ट्रॉट, अर्धं वॉक. मग एक हात सोडा, काही पाठांनी दोन्ही. आठवड्याला एक लंजचा पाठ आणि बाकीचे दिवस नेहमीची स्वारी, एवढं तीन महिने नेमाने केलं तरी फरक दिसतो.

हेल्मेट हनुवटीच्या पट्ट्यासकट, आणि टाच असलेले बूट. हे लंजवरही चुकवू नका.

प्रश्न : रिकीब किती लांब ठेवायची? प्रत्येक जण वेगळं सांगतो. (ठाणे)

खाली उभे असताना बोटांची टोकं पट्ट्याच्या वरच्या कडीला लावा आणि रिकीब हाताखालून काखेकडे आणा. ती काखेत पोचली की अंदाज बरोबर. वर बसल्यावर पाय रिकिबीबाहेर सैल सोडा. रिकिबीचा तळ घोट्याच्या हाडाशी आला पाहिजे. लांब झाली तर पंजाने तिला शोधत बसाल, आखूड झाली तर बूड मागच्या काठावर जाऊन खुर्चीत बसल्यासारखे व्हाल. कान, खांदा, खुबा आणि टाच एका उभ्या रेषेत असतील तर लांबी जमली. खुर्चीत बसल्यासारखं नव्हे, तर पाय फाकवून ताठ उभं राहिल्यासारखं बसावं, हे ग्रीसच्या झेनोफनने सुमारे चोवीस शतकांपूर्वी सांगून ठेवलंय, आणि त्याच्या काळी ग्रीसमध्ये रिकीबच नव्हती.

एवढं करूनही पाय पुढेच जात असतील तर खोगीर तपासा. त्याचा सर्वांत खोल भाग मधोमध हवा. मागे कललेल्या खोगिरात भलाभला स्वारही खुर्चीतच बसतो. आणि रिकिबीची रुंदी बुटाहून दोन-अडीच सेंटिमीटर जास्त हवी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही.

प्रश्न : माझं वय 46, दिवसभर खुर्चीत बसून काम. कोच म्हणतात ‘खुबे सैल सोडा’, पण ते सैल होतच नाहीत. घरी काही करता येईल का? (डोंबिवली)

येईल, आणि तुमच्या बाबतीत घरचा व्यायाम मैदानाइतकाच कामी येईल. तासन्‌तास खुर्चीत बसल्याने खुब्याच्या पुढचे स्नायू आखडतात, त्यामुळे मांडी खाली-मागे जात नाही आणि गुडघा वर चढतो. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय पुढे काटकोनात. कमरेला बाक न देता, पोट आत घेऊन बूड किंचित पुढे न्या. मागच्या मांडीच्या पुढच्या बाजूला ताण जाणवला की तिथे तीस सेकंद थांबा. दोन्ही बाजूंना तीन-तीन वेळा, रोज.

आपल्याकडे लोक मांडी घालून बसतात, त्यामुळे खुबे बाहेरच्या बाजूला चांगले उघडतात. स्वारीत त्याचा फायदा होतो, पण एक तोटाही आहे. गुडघा आणि पाऊल बाहेर वळतं आणि पोटरीची मागची बाजू घोड्याला लागते. म्हणून मांडी घालून बसता येतं एवढ्यावर खुबे तयार आहेत असं धरून चालू नका. पाय खुब्यापासून किंचित आत वळवायची सवय वेगळी करावी लागते : पाठीवर झोपा, पाय सरळ ठेवा आणि अख्खा पाय वरपासून आत-बाहेर फिरवा, नुसतं पाऊल नाही.

65 सेंटिमीटरचा व्यायामाचा मोठा चेंडू मिळाला तर त्यावर बसून डावं-उजवं हाड आळीपाळीने खाली न्या, खांदे न हलवता. पुढे एक पाऊल जमिनीवरून बोटभर उचलून हेच करा. कंबर किंवा गुडघा आधीच दुखत असेल तर हे सुरू करण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टना दाखवून घ्या.

प्रश्न : लगामाला लटकायचं नाही हे पटतं, पण घोडा बुजला तर हात आपोआप तिथेच जातात. मग धरू काय? (छत्रपती संभाजीनगर)

गळपट्टा. रिकिबीचा जुना पट्टा घोड्याच्या मानेभोवती बांधा, पालथी मूठ आत जाईल इतका सैल. त्याहून सैल ठेवलात तर मान खाली गेल्यावर तो कानांपर्यंत घसरतो. तो पुढे सरकू नये म्हणून एका दोरीने खोगिराच्या कडीला अडकवा. स्वारी करताना लगाम हातात असतोच, एका हाताची करंगळी या पट्ट्यात घालून ठेवा. तोल गेला की ओढ मानेच्या बुडाशी जाईल, तोंडात जाणार नाही. आयाळही चालते. मुठीत आयाळ धरल्याने घोड्याला लगाम ओढल्यासारखा त्रास होत नाही. काही क्लबांत गळपट्टा म्हणजे कमीपणा मानतात. ते चूक आहे, आम्ही तर प्रत्येक नवख्याला तो लावायला सांगू.

प्रश्न : रायझिंग ट्रॉट जमतो, पण लगाम धरल्याशिवाय उठता येत नाही. (सातारा)

म्हणजे तुम्ही हाताने उठताय. गळपट्टा धरून ‘उठ-उठ-बस’ असा ताल करा : दोन ठोके वर, एक ठोका खाली. पाय खुब्याखाली नसेल तर दुसऱ्या ठोक्यालाच मागे कोसळाल. त्यामुळे पाय कुठे ठेवायचा ते शरीर स्वतःच शोधून काढतं. अर्धी फेरी हे, अर्धी फेरी नेहमीचं. उठताना सरळ वर जाऊ नका. खुबा पुढे, विदर्सच्या दिशेने न्या, खोगिरापासून चार बोटं उठलात तरी पुरे. बाकी जोर घोड्याची पाठच देते. वर्तुळावर बाहेरचा पुढचा खांदा पुढे जाताना उठायचं, तो मागे येताना बसायचं.

प्रश्न : मला जम्पिंग करायचंय. त्यात तर खोगिरातून उठूनच राहायचं असतं. मग बसून ट्रॉट कशाला शिकू? (मुंबई)

इटलीच्या कॅप्रिली या घोडदळ अधिकाऱ्याने उडीच्या वेळी मागे रेलून बसायची रीत मोडून काढली आणि पुढे झुकलेली बैठक रूढ केली, तीही घोड्याचं तोंड आणि पाठ मोकळी राहावी म्हणूनच. त्या बैठकीत बूड टेकलेलं नसतं, पण तोल तिथेही स्वतःचाच लागतो. उडीच्या वेळी घोडा मान लांबवतो. हात तेव्हा पुढे गेला नाही तर बिटाचा हिसका बसतो, आणि दोन-चार हिसक्यांनंतर घोडा उडीसमोर थांबायला लागतो. मग त्यालाच अडेल ठरवतात.

रिकीब दोन भोकं आखूड करा, बूड खोगिरावरून जरा उचला, हात आयाळीत, आणि ट्रॉटमध्ये एक मिनिट राहा. दर आठवड्याला अर्धा मिनिट वाढवत तीनवर न्या. मग एक हात कमरेवर. हात मानेवर दाबून उभे राहत असाल तर इथे लगेच कळतं. बसून ट्रॉटही सोडू नका. दोन उड्यांच्या मधे घोडा आवरायला बूडच लागतं. 2023 मध्ये हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धांत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली-हालचाली करून घेण्याचा प्रकार) संघाने सुवर्णपदक मिळवलं, त्यात मुंबईचा हृदय छेडाही होता. त्या पातळीवर ट्रॉट बसूनच करावा लागतो. त्यांचे हात किती शांत राहतात हे चित्रफितीत जरूर बघा.

प्रश्न : माझा मारवाडी घोडा रेवाल चालतो, पाणी सांडणार नाही इतका गुळगुळीत. त्यावर माझी बैठक उत्तम आहे, पण क्लबातल्या घोड्यावर मी उडतो. (नंदुरबार)

रेवाल चालीत पाय तिरप्या जोडीने पडत नाहीत आणि घोडा अधांतरी होत नाही, म्हणून हेलकावाच येत नाही. चाल सुंदर आहे, लांबच्या रपेटीला तिच्यासारखी दुसरी नाही. पण खुब्यांना तिथे काम पडत नाही. क्लबातल्या घोड्यावर वर सांगितलेला आठ-दहा पावलांचा ट्रॉट अगदी पहिल्यापासून करा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीला उघड्या पाठीवर बसवलं तर तोल लवकर येईल का? (बेळगाव)

घोड्याची पाठ कशी हलते ते तिला लवकर उमगेल, एवढा फायदा नक्की. जाड, पसरट पाठीचा शांत घोडा निवडा, पाठीवर पॅड किंवा दुहेरी घोंगडी टाका आणि वर चामड्याचा रुंद पट्टा बांधा, त्याला धरायची मूठ असली तर उत्तम. पॅडला रिकिबी मुळीच लावू नका. आत लाकडी सांगाडा नसल्याने त्यांचा सगळा दाब कण्यावर येतो. दहा-पंधरा मिनिटं, फक्त वॉक, एक जण घोडा धरून आणि दुसरा तिच्या पायाशी चालत. उघड्या पाठीवर ट्रॉट मात्र नको. खोगीर नसताना बसणाऱ्याची दोन हाडं घोड्याच्या पाठीच्या दोनच जागी रुततात, आणि आपटणारं मूल हलकं असलं तरी तिथे दुखतंच. उतरल्यावर कण्याच्या दोन्ही बाजूंनी तळहात दाबत न्या. घोडा पाठ खाली घालत असेल किंवा कातडी थरथरवत असेल तर आठवडाभर ते बंद ठेवा.